दोन ते आठ अंश

सकाळी ७.५०. लेबर रूममध्ये पाय ठेवल्यावर सिस्टर आधी कोपऱ्यातल्या फ्रीजकडे जातात. एका दाराचा साधा फ्रीज. दारावर कागद चिकटवलेला: खाद्यपदार्थ ठेवू नयेत. दार उघडायचं, आतली तापमानाची डायल बघायची, लगेच बंद करायचं. ६ अंश. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि सही. तारीख जुलैची ९. संध्याकाळी पुन्हा हेच. २ च्या खाली उतरलं तर औषध गोठायची भीती, ८ च्या वर गेलं तर उतरायची.

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यातलं हे प्राथमिक आरोग्य केंद्र हायवेपासून आत आहे, धानाच्या बांध्यांच्या मध्ये. केंद्राचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. सिस्टर कंत्राटी आहेत. करार अकरा महिन्यांचा असतो आणि त्यावर पुढची सही त्यांना हवी आहे. लाखनीत भाड्याची खोली. पावसात रेनकोट घालून स्कूटीनं येतात. पगारातले दोन-अडीच हजार पेट्रोलमध्येच जातात, असं त्यांचं म्हणणं. आज दुसऱ्या सिस्टर रजेवर आहेत, म्हणून ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ.

फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ऑक्सिटोसिनचे डबे आहेत. बोटाच्या पेराएवढी काचेची ॲम्प्युल, आत १ मिलिलिटर पाणी दिसतं. एकीची किंमत वीस रुपयांच्या आसपास. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट टोचायचं, म्हणजे दोन ॲम्प्युल. त्यानं गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. पण हे औषध उन्हाळ्यात कपाटात राहिलं तर त्याचा जोर जातो, आणि गंमत अशी की दिसायला ते तसंच राहतं. पाणी ते पाणीच. म्हणून वही. रात्री दोन ते साडेचार लाईन नव्हती. कुणी दार उघडलं नाही, म्हणून ६ वर निभावलं.

सकाळी ८.१५. मावशी फरशी पुसते आहे. ती केंद्रातली सफाई करते, घरी दोन म्हशी आहेत. फ्रीजकडे बघून हसते. "हेच इंजेक्शन काही लोक म्हशीले टोचतेत जी."

खरं आहे. पान्हा सोडवायला टोचतात. त्यावरून २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती. देशासाठी फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीनं ते बनवायचं, असा हुकूम निघाला. औषध कंपन्या आणि आरोग्यासाठी काम करणारी एक संस्था कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. म्हशीच्या पान्ह्यापायी बाळंतिणीचं इंजेक्शन अडणार होतं, ते वाचलं.

सकाळी ८.३०. ट्रे. लेबर रूमला सात ट्रे लागतात, प्रत्येकाची यादी भिंतीवर. सिस्टर बोट लावून मोजतात. कात्री, चिमटे, नाळेचे क्लॅम्प, गॉज, कॉटन. बाळाचा ट्रे वेगळा: टॉवेल, सक्शन, व्हिटॅमिन के. औषधांच्या ट्रेवर त्या जास्त रेंगाळतात. प्रत्येक ॲम्प्युल उजेडाकडे धरून एक्सपायरी वाचायची. छपाई इतकी बारीक की मोबाईलचा कॅमेरा लावून मोठी करून बघतात. ट्रॅनेक्सामिक ॲसिड, ५ मिलिलिटरच्या ॲम्प्युल. रक्तस्राव थांबेना तर यातलं १ ग्रॅम शिरेतून, तीन तासांच्या आत. जपानमध्ये ओकामोतो दाम्पत्यानं हे १९६० च्या दशकात शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते जीव वाचवतं हे पक्कं व्हायला २०१७ उजाडलं. २१ देशांतल्या २०,०६० बायांवर त्याची चाचणी झाली.

शेवटी रबर लावून बांधलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. आत मॅग्नेशियम सल्फेटच्या दहा ॲम्प्युल, १० मिलिलिटरच्या दोन सिरिंज, २२ नंबरच्या सुया. मॅगसल्फ म्हणतात त्याला. "हे पॅकेट मी कोणाले उघडू देत नाही," सिस्टर म्हणतात. "वेळेवर शोधत बसलं तर बाई हातची जाते."

सकाळी ९.२०. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून. पण जुलैची ९ म्हणजे ऐन रोवणी. परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत लावायचे दिवस. रोवणीची मजुरी अडीचशे-तीनशे रुपये, आणि एक दिवस चुकवला तर टोळीतली जागा दुसरीला जाते. त्यामुळे येणाऱ्या बायांच्या घोट्यांवर चिखल वाळलेला आहे. काही जणी सकाळी सहाला बांधीत उतरून दोन ओळी लावून आल्या आहेत. आशाताईंनी त्यांना ऑटोत भरून आणलं. माणशी वीस रुपये.

बाकावर दाटी. वजन, उंची, रक्तदाब, लघवी, पोट. बोटाला टोचून हिमोग्लोबिन. सिकल सेलची तपासणी झाली का, हेही कार्डावर बघतात. या भागात एएस, म्हणजे वाहक, पुष्कळ; एसएस, म्हणजे आजार असलेल्याही सापडतात, आणि एसएस असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. आशाताईंना हे पाठ आहे.

लाल गोळी हा सकाळचा खरा विषय. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. फुकट मिळते. घरात पट्ट्याच्या पट्ट्या पडून असतात.

"खाल्ली का?"

"खाल्ली जी."

आशाताई तिच्याकडे बघतात. "दाखव पट्टी."

पट्टीत आठ गोळ्या शिल्लक. संडास काळी होते, मळमळतं, सासू म्हणते बाळ काळं होईल. आशाताई भांडत नाहीत. रात्री जेवल्यावर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, लिंबू पिळलेलं वरण खा. मग पट्टीच्या मागे पेनानं तारखा लिहून देतात, एकेका गोळीखाली एकेक. पुढच्या वेळी तारखेप्रमाणे फोडलेली नसेल तर कळतं. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नाही.

सकाळी १०.३५. एकीचं हिमोग्लोबिन ७.९. आठवा महिना लागलेला. गोळीनं आता भागणार नाही, लोह शिरेतून द्यावं लागेल. डॉक्टर केसपेपरवर लिहितात आणि सिस्टरकडे बघतात. कपाटात काय आहे?

यात एक हिशेब आहे आणि तो बाकावरच्या बाईला डॉक्टरांइतकाच कळतो. आयर्न सुक्रोज स्वस्त. पण एका वेळी २०० मिलिग्रॅमच देता येतं, एक दिवस आड. हजार मिलिग्रॅम अंगात घालायचं तर पाच खेपा. पाच खेपा म्हणजे पाच दिवसांची रोवणी आणि पाच वेळा ऑटो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, सगळे त्याला एफसीएम म्हणतात, एकाच बैठकीत हजार मिलिग्रॅम जातं, पंधरा-वीस मिनिटांत. ते आधी महाग होतं. एका स्विस कंपनीचं पेटंट होतं. भारतात त्याची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, मग इथल्या कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आला. सरकारी खरेदीत स्वस्त ते आधी येतं, हे साहजिक. पण बाटलीवरच्या किमतीत पाच दिवसांची मजुरी धरलेली नसते.

आज कपाटात एफसीएम आहे. सिस्टर सलाईनची बाटली टांगतात, औषध मिसळतात, डाव्या हाताची शीर शोधतात. चिखलात राबलेल्या हाताची कातडी जाड झालेली. दुसऱ्या टोचणीत शीर मिळते. "हात हलवू नको. खाजलं, दम लागला तर सांग." बाई छताकडे बघत पडून राहते. पाचच मिनिटांत तिला झोप लागते.

सकाळी ११.४५. रांगेतली शेवटून तिसरी. पहिलटकरीण, नववा महिना लागायचा आहे. पाय सुजलेले, चेहराही. आशाताई म्हणतात, परवा गेले तर घरी नव्हती, माहेरी गेली होती. पट्टा गुंडाळून सिस्टर रक्तदाब घेतात. बघतात. काही न बोलता दुसऱ्या हातावर घेतात. १७० वर ११२.

"डोकं दुखते का?"

"दोन दिवसांपासून दुखून राहिलं. डोळ्यापुढे चमकते. पावसात भिजली म्हणून असन."

लघवीत प्रथिनं तीन प्लस. सिस्टर उठतात. आता त्यांची चाल बदलते. पळत नाहीत, पण वाटेतलं स्टूल पायानं बाजूला सारतात. पिशवीचं रबर तुटतं.

दहा ॲम्प्युल. प्रत्येकीत १ ग्रॅम. अंगठ्यावर गॉज गुंडाळून मान मोडायची, कट्. औषध ओढायचं. पुन्हा कट्. पाच एका सिरिंजमध्ये, पाच दुसरीत. चौथ्या ॲम्प्युलला काच गॉजमधून जाते, अंगठ्यावर लाल ठिपका येतो. हातमोजा बदलायला दहा सेकंद. डॉक्टर तोवर निफेडिपिनची गोळी देतात आणि १०२ च्या रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगतात. बाईला कुशीवर वळवलं. एका नितंबात ५ ग्रॅम, मग दुसऱ्यात ५ ग्रॅम. खोल, सावकाश. हे इंजेक्शन भयंकर दुखतं. बाई आशाताईंचं मनगट धरते, बांगडी फुटते.

मॅगसल्फ म्हणजे एक क्षार. शंभर वर्षं जुनं औषध, कुणाचं पेटंट नाही, दहा ॲम्प्युलचा खर्च एका बऱ्या थाळीइतका. २००२ साली मॅग्पाय नावाची चाचणी छापून आली, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बाया. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात झटके येण्याचा धोका निम्म्याहून खाली गेला. आणि निफेडिपिनची परीक्षा तर इथून शंभर किलोमीटरच्या आत झाली, नागपुरात. मेडिकल आणि डागा या दोन सरकारी दवाखान्यांत ८९४ गरोदर बायांवर तीन साध्या गोळ्या तपासल्या: निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा. प्रश्न व्यवहारी होता. शिरेतून द्यायच्या औषधाला लक्ष ठेवायला माणूस लागतो. जिथे माणूस नाही तिथे गोळीनं भागेल का? २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये उत्तर छापून आलं. तिन्ही चालतात, निफेडिपिन किंचित पुढे. गडचिरोलीपासून गोंदियापर्यंतच्या बाया त्या वॉर्डात असतात, हे ज्यांनी मेडिकल पाहिलंय त्यांना सांगायला नको.

दुपारी १२.१०. १०२ दारात. सिस्टर गुडघ्याखाली हाताच्या कडेनं हलकेच मारून पाय उडतो का बघतात. उडतो. श्वास मोजतात. रेफरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितात: मॅगसल्फ १० ग्रॅम, ११.५५ वाजता. "ही चिठ्ठी हातातून सोडू नका. नाहीतर तिथं पुन्हा देतील." मॅगसल्फ जास्त झालं तर श्वास मंदावतो, त्यावरचं कॅल्शियम ग्लुकोनेट आशाताईंच्या हातात नाही, गाडीच्या पेटीत आहे. सिस्टर चढून खात्री करून घेतात.

बाईची आई अडून बसते. भंडाऱ्याला नको. नागपूरला नेऊ, नाहीतर इथंच करा. का ते ती सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली होती. दहा बाळं गेली. अजून या भागात म्हाताऱ्या बाया त्या रात्रीची आठवण काढतात. डॉक्टर बाहेर येऊन तिच्याशी बोलतात. काय बोलले ऐकू आलं नाही. ती चढली. आशाताईही चढल्या, डबा बाकावरच राहिला.

लाखनीच्या उड्डाणपुलापर्यंत रस्ता खड्ड्यांचा, मग हायवे. भंडारा लाखनीहून वीस-बावीस किलोमीटर.

दुपारी १.१५. डबा. भात, वरण, तरोट्याची भाजी. अंगठ्याला पट्टी, म्हणून सिस्टर चमच्यानं खातात. एफसीएमवाली झोपून उठली आणि ऑटो शोधत गेली. दोन ओळी तरी होतील म्हणाली.

दुपारी १.५०. औषध निर्माण अधिकारी भंडाऱ्याहून परतले. भाऊ म्हणतात सगळे त्यांना. जिल्ह्याच्या औषध भांडारात सकाळीच गेले होते. गाडीतून खोकी उतरतात. ती उतरवायला माणूस वेगळा नाही, भाऊच उतरवतात, पन्नाशीचे आहेत. ऑक्सिटोसिन वेगळं, लसीच्या निळ्या कॅरियरमध्ये, चार बर्फाच्या पिशव्यांत. त्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्यावर लगेच घालायच्या नाहीत. आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायच्या, नाहीतर ॲम्प्युल गोठतात. भाऊ सकाळी साडेसहाला येऊन हे करून गेले होते.

"२०० मागितले होते. १०० मिळाले."

"कॅल्शियम?"

"पुढच्या आठवड्यात म्हणाले."

मागणी, मंजुरी, बॅच नंबर, एक्सपायरी, सगळं ई-औषधी या संगणकावरच्या नोंदीत चढवायचं. नेट येतं-जातं. भाऊ आधी वहीत लिहितात, मग संगणकावर. कॅल्शियम संपलंय, तेव्हा रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून लाखनीच्या दुकानातून थोडं घ्यावं लागेल. त्याला कोटेशन, मंजुरी, बिल, पावती. भाऊंच्या टेबलावर या कागदांची फाईल सगळ्यात जाड आहे. हे काम कुणाच्या डोळ्यात येत नाही. माझ्या मते केंद्राचा अर्धा भार याच टेबलावर आहे.

दुपारी २.४०. मोटारसायकलवरून एक बाई. मागे सासू, पुढे नवरा, मध्ये ती. दुसरं बाळंतपण. रोवणी करतानाच कळा सुरू झाल्या, धुऱ्यावर बसून राहिली, मग नवऱ्याला हाक मारली. साडीला परे चिकटलेले. मावशी तिचे पाय धुते. सिस्टर तपासतात: सहा सेंटिमीटर. पार्टोग्राफचा कागद काढतात, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, कळा, आईची नाडी.

दुपारी ३.२०. पाऊस जोरात. लाईन गेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि पंखा. फ्रीज बंद. सिस्टर मावशीला सांगतात, आता दार उघडायचं नाही, मी सांगीन तेव्हाच. मग फ्रीजला पाठ टेकून उभ्या राहतात आणि कागद भरतात.

थंडी न लागणारं औषध नाही का? आहे. कार्बेटोसिनचा एक प्रकार ३० अंशांत तीन वर्षं टिकतो. २०१८ मध्ये दहा देशांतल्या २९,६४५ बायांवरची चाचणी छापून आली, भारतही त्यात होता. रक्त रोखण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडलं नाही. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या कपाटात ते नाही. सिस्टरनी त्याचं नाव प्रशिक्षणात ऐकलं आहे.

कपाटात मिसोप्रोस्टॉल आहे. गोळी. फ्रीज नको, सुई नको. फुकट नेऊन देता येते. तिची परीक्षा बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली, तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकन संशोधकांबरोबर केलेली. १,६२० बाया, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, गावच्या आरोग्यसेविका होत्या. तेव्हा कळायचं होतं ते हेच: सिस्टरच्या हातून हे होईल का? झालं. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ च्या लॅन्सेटमध्ये ते आहे. फ्रीज पूर्ण बसला तर सिस्टर याच तीन गोळ्या देणार, ६०० मायक्रोग्रॅम. ऑक्सिटोसिन हाताशी आणि थंड असेल तर आधी तेच.

दुपारी ४.१०. "आता." मावशी फ्रीज उघडते, डबा काढते, बंद करते. चार सेकंद. दोन ॲम्प्युल मोडून सिरिंज भरली, ट्रेत ठेवली, वर गॉज. बाई ओरडत नाही. एक हात टेबलाच्या कडेला, एक सासूच्या पदरात. सासू देवाची नावं घेते, सगळ्या गावच्या देवांची. सिस्टरच्या कपाळावर घाम. मावशी कोपरानं पंखा त्यांच्याकडे वळवते.

४.२२. मुलगी. रडली. आईच्या पोटावर टॉवेलात. पोटावर हात फिरवून सिस्टर बघतात दुसरं बाळ नाही ना, आणि मांडीत सुई. ४.२३. नाळेतली धडधड थांबेपर्यंत थांबायचं, मग क्लॅम्प, कात्री. ४.२९ ला वार पडली. सिस्टर ती ताटात पसरून पूर्ण आहे का बघतात, एखादा तुकडा आत राहिला तर सगळी मेहनत वाया. पोटावरून गर्भाशय चाचपतात. घट्ट. क्रिकेटच्या चेंडूसारखं लागायला हवं, तसं लागतं.

रक्त अंदाजे दोनशे मिलिलिटर. पाचशेच्या वर गेलं असतं तर पुढचे सगळे ट्रे उघडावे लागले असते. काही झालं नाही. यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून कुणी ते बघत नाही. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पोट चाचपत राहतात, दोन तास. वजन २ किलो ७००. व्हिटॅमिन के, कावीळ ब ची लस, बीसीजी, पोलिओचे थेंब.

४.५५. लाईन आली. फ्रीज घुरघुरतो. ७ अंश.

संध्याकाळी ५.३०. आवरणं. रक्ताची चादर ब्लीचिंगच्या पाण्यात, सुया कटरमध्ये, अवजारं ऑटोक्लेव्हला. काचेच्या ॲम्प्युल वेगळ्या डब्यात. मावशीला हे सगळं करून महिन्याकाठी जे मिळतं ते सांगताना ती आवाज खाली आणते. एका म्हशीचं दूध त्याच्या पुढे जातं. सिस्टर रजिस्टरमध्ये लिहितात. ऑक्सिटोसिन: वापर २. मॅगसल्फ: वापर १०. मॅगसल्फचं नवं पॅकेट लगेच बांधतात, उद्यावर टाकत नाहीत.

संध्याकाळी ६.४०. आशाताई परतल्या, एसटीनं. तिकीट खिशातून. १०२ परत येताना रिकामी नव्हती. बातमी: रक्तदाब १५० वर आला, झटका आला नाही, रात्री नाहीतर सकाळी सिझेरियन करतील. सकाळचा डबा त्यांनी उघडून बघितला आणि बंद केला, वरण आंबलं होतं. मावशीनं चहा केला.

आशाताईंना एका बाळंतपणामागे ६०० रुपये, तपासण्यांचे ३०० आणि दवाखान्यात नेण्याचे ३००. त्यातही बाई गरोदर झाल्यापासूनच्या सगळ्या भेटी पूर्ण हव्यात. ही बाई मधे माहेरी गेलेली, त्यामुळे कागद अडकतो की काय, अशी शंका. घरी बाळ आल्यावर सहा भेटी द्यायच्या, त्याचे २५०. फुटलेल्या बांगड्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, असं म्हणून त्या हसल्या.

संध्याकाळी ७.३०. सासू लेबर रूमच्या दाराशी आली. पदराची गाठ सोडली. आत घडी केलेल्या नोटा, शंभराच्या दोन, बाकी दहा-वीसच्या.

"कितीक झाले जी?"

"काही नाही आजी."

"सुईचे?"

"नाही."

"मावशीले तरी?"

मावशी नको म्हणते. आजी नोटा हातात धरून उभीच राहते, विश्वास बसत नाही. पहिल्या नातवंडाच्या वेळी दुसरीकडे कुठे तरी द्यावे लागले होते, असं ती सांगते. सिस्टर तिला बाकावर बसवतात आणि एकेक करून सांगतात. मग केसपेपरच्या मागे लिहूनही देतात, गावात दाखवायला.

त्या कागदावर होतं ते इथेही लिहितो. जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण यांना पैसे नाहीत. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी नेणाऱ्या गाडीलाही नाहीत, गाडीसाठी १०२. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी मागा आणि जपून ठेवा. कुणी पैसे मागितले तर १०४ वर फोन करा.